‘आमच्या काटोलला त्याचं काय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

अमूल अमेरिकेत पोहोचल्यावर मी जो लेख लिहिला, त्याखालची तुमची खरमरीत प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. नुसते आभार मानून मोकळं व्हावं अशी ती नाही. चार म्हशी सांभाळणारा माणूस रात्री वेळ काढून एवढं लिहितो, तेव्हा त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडच्या या भाऊंचं म्हणणं असं की नागपुरात पंख्याखाली बसून अमूलची आरती ओवाळणं सोपं आहे. अमेरिकेत विकलं जाणारं दूध गुजरातचं नाहीच, मग त्यात शेतकऱ्याचा कसला विजय? अमूलच्या आणंदला ते घडवणारे व्यवस्थापक वर्गीस कुरियन मिळाले, पाणी मिळालं, युरोपची फुकटची दूध भुकटी मिळाली. विदर्भाला 2006 च्या शेतकरी मदत पॅकेजात गाई मिळाल्या आणि त्यातल्या कित्येक बाजारात परत गेल्या. शेवटी त्यांनी विचारलं आहे, ‘आमच्या काटोलला त्याचं काय?’

आधी माझी चूक. ‘चारोतरच्या म्हशीचं दूध आता मिशिगनच्या फ्रीजमध्ये’ असं मी लिहिलं होतं. चारोतर म्हणजे आणंदच्या भोवतीचा पट्टा. ते वाक्य दिसायला छान होतं, पण खोटं होतं. तुम्ही पकडलंत, मी ते काढून टाकलं. मार्च 2024 मध्ये अमूलची विक्री सांभाळणाऱ्या गुजरात सहकारी दूध विपणन महासंघाने मिशिगन मिल्क प्रोड्युसर्स असोसिएशनशी करार जाहीर केला. ही संस्थाही शेतकऱ्यांचीच, 1916 पासूनची. दूध तिथल्या गाईंचं, प्रक्रिया त्या संस्थेची, नाव आणि फॅटचं गणित अमूलचं. तिथलं नेहमीचं ‘होल मिल्क’ सव्वातीन टक्के फॅटचं असतं. सहा टक्क्यांचं गोल्ड आणि साडेचार टक्क्यांचं शक्ती तिथे मिळू लागलं ते आपल्या लोकांच्या चहासाठी आणि विरजणासाठी. 2025 मध्ये स्पेनमध्येही कोवाप या तिथल्या सहकारी संस्थेला हाताशी धरून असंच केलं.

आता तुमचा प्रश्न, यात विजय कुठला. मला वाटतं तो अमेरिकेत शोधायचाच नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की सातासमुद्रापार जाताना गुजरातच्या 36 लाख दूध उत्पादकांच्या डोक्यावर परदेशातल्या कारखान्याचं ओझं कोणी ठेवलं नाही. हे किती मोठं आहे ते कळण्यासाठी दुसऱ्या दोन संस्थांकडे बघा.

न्यूझीलंडची फॉन्टेरा 2001 मध्ये उभी राहिली. तीही शेतकऱ्यांच्याच मालकीची, आणि तिच्या दुधाचा बहुतेक सगळा धंदाच परदेशात. तिने चीनच्या सानलू या कंपनीत 43 टक्के हिस्सा घेतला. 2008 मध्ये सानलूच्या बाळ-दुधात मेलामाइन हे घातक रसायन सापडलं, लेकरं दगावली, आणि फॉन्टेराला ती सगळी गुंतवणूक सोडून द्यावी लागली. पुढे चीनमध्येच दुसऱ्या एका कंपनीत पैसा अडकला आणि 2018 मध्ये संस्थेने पहिल्यांदा तोटा दाखवला. 2025 मध्ये सभासदांनी मत देऊन आपले घराघरांतले ब्रँड फ्रान्सच्या लॅक्टॅलिसला विकायचं ठरवलं.

ऑस्ट्रेलियाच्या मरे गोल्बर्नची कथा तर मला जास्त लागते. 1950 पासूनची शेतकऱ्यांची संस्था. आशियात मोठं व्हायचं म्हणून 2015 मध्ये तिने शेअर बाजारातून पैसा उभारला. एप्रिल 2016 मध्ये हंगाम संपत आलेला असताना दुधाचा भाव कापला, आणि आधी दिलेले पैसे जास्त होते म्हणून तेही सभासदांच्या नावावर टाकले. विचार करा भाऊ, दूध घालून झालं, पैसे जनावरांच्या ढेपेत आणि बँकेच्या हप्त्यात खर्च झाले, आणि संस्था म्हणते आता तूच देणं लागतोस. शेतकरी सोडून गेले. 2018 मध्ये कॅनडाच्या सापुटोने ती संस्था विकत घेतली.

म्हणून जगभर पसरण्याला मी आपोआप यश म्हणत नाही. मागच्या लेखात तसा सूर लागला असेल तर तो माझा दोष. एवढं मोठं होऊनही आणंदची माणसं अजून मालक का राहिली, हे मला सांगायचं होतं आणि ते मी नीट सांगितलं नाही.

नशिबाचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. चारोतरची जमीन सोन्यासारखी, मुंबईसारखी बाजारपेठ रेल्वेने जोडलेली. 1970 मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली ती युरोपने दान दिलेली भुकटी आणि बटर ऑइल विकून. पण ती भुकटी फुकट वाटली असती तर इथल्या शेतकऱ्याच्या दुधाचा भावच पडला असता. ती मोल घेऊन विकली आणि त्या पैशातून संघ, टँकर, शीतकरण केंद्रं उभी राहिली, हे त्या दानापेक्षा मोठं.

कुरियन मात्र नशीब नव्हे. ते आणंदला आले मे 1949 मध्ये. खेडा जिल्हा संघाची, म्हणजे आजच्या अमूलची, नोंदणी आहे 14 डिसेंबर 1946 ची. त्याही आधी, जानेवारी 1946 मध्ये समरखा गावात सभा झाली होती. मुंबईला दूध पुरवण्याचा मक्ता पोल्सन या खासगी डेअरीकडे, मधले दलाल शेतकऱ्याला पिळायचे. सरदार पटेलांनी सांगितलं, स्वतःची संस्था काढा, आणि सरकार ऐकत नसेल तर दूध विकू नका. पंधरा दिवस खेडा जिल्ह्यातून मुंबईला दूध गेलं नाही. पंधरा दिवस म्हणजे तीस वेळची धार, जी थांबवता येत नाही. घरात चूल त्याच पैशावर पेटते. त्या लोकांनी ते सोसलं. सुरुवात झाली दोन गावं आणि दिवसाला अडीचशे लिटरच्या आसपास दुधाने. त्रिभुवनदास पटेल गावोगाव फिरून संस्था बांधत राहिले, आणि नंतर त्यांनी कुरियनना कामावर ठेवलं. आधी मालक तयार झाले, मग मालकांनी व्यवस्थापक नेमला. आपल्याकडे ही ओळ नेहमी उलटी लागली.

आणि पाणी? बनासकांठ्यात आपल्या नागपूर जिल्ह्यापेक्षा कितीतरी कमी पाऊस पडतो, तरी पालनपूरचा बनास संघ आज गुजरातच्या सगळ्यांत मोठ्या दूध संघांत आहे. त्याची किंमत तिथल्या भूजलाने मोजली, हेही लिहून ठेवतो, कारण तुम्ही पुढच्या प्रतिक्रियेत ते लिहाल आणि ते बरोबरच असेल.

आता माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे मी पंख्याखालून का होईना पण कुठून बोलतो ते कळेल. माझे मामा हिंगण्याकडच्या एका गावात राहायचे. तीन म्हशी होत्या. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर सकाळी सडकेवरच्या संकलन केंद्रावर जायचो. केंद्र कोणाचं ते सांगत नाही. तिथला माणूस कॅनचं झाकण काढायचा, दुधाची घनता मोजणारं लॅक्टोमीटर सोडायचा, खाली वाकून बघायचा आणि म्हणायचा, ‘डिग्री कमी आहे.’ मामांचं दूध इतकं दाट की घरी तापवल्यावर सायीवर बोट टेकवावं. मामा म्हणायचे, पाण्याचा थेंब नाही. तो म्हणायचा, काटा खोटं बोलतो का?

फार वर्षांनी मला समजलं की तो काटा एकटा असला तर खरंच फसवतो. साय पाण्यापेक्षा हलकी. म्हणून दुधात फॅट वाढलं की त्या मानाने डिग्री खाली येते, आणि साय काढून घेतली की वर जाते. धारोष्ण, कोमट दुधातही आकडा कमीच दिसतो. फॅट तपासणारं यंत्र तिथे नव्हतं. असलं तरी त्याचा आकडा मामांना कोणी दाखवला नसता. पैसे महिन्या-दीड महिन्याने यायचे, कधी किती लिटरचे तेही कळायचं नाही. दोन वर्षांत मामांनी दोन म्हशी विकल्या. शेजारी म्हणाले, याला दुधाचा धंदा जमला नाही.

2015 च्या सुमारास मी कामानिमित्त आणंदला गेलो होतो, तेव्हा पहाटे उठून जवळच्या एका गावाची दूध मंडळी बघायला गेलो. रांगेत बहुतेक बायका. प्रत्येकीच्या हातात लहानशी बरणी, कोणाचं दीड लिटर, कोणाचं चार. दूध ओतलं की वजन समोरच्या पाटीवर लाल आकड्यात उमटायचं. कपभर नमुना यंत्राला लागायचा आणि चिठ्ठी बाहेर यायची. वजन, फॅट, भाव, रुपये. एका म्हाताऱ्या बाईने चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली, मान हलवली आणि यंत्रावरच्या पोराला गुजरातीत काहीतरी सुनावलं. त्याने मुकाट्याने नमुना पुन्हा लावला. मी तिथेच उभा राहिलो. मला मामांचा चेहरा आठवत होता. माझ्या मामांना त्या काट्यावाल्याला ‘पुन्हा बघ’ म्हणायची कधी छाती झाली नाही. त्या बाईला झाली, कारण तो पोरगा तिच्या संस्थेचा नोकर होता.

दूध अमेरिकेत जावो न जावो, मोठेपण मला त्या चिठ्ठीत दिसतं. म्हणूनच 2006 च्या गाईंबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मला राग आला नाही, दुःख झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा, सहा जिल्ह्यांत जर्सी आणि संकरित गाई दिल्या. त्या गाईला रोज हिरवा चारा लागतो, भरपूर पाणी लागतं, ढेप लागते, वेळेवर डॉक्टर लागतो. यातलं पुरेसं काही गाईबरोबर आलं नाही. कोरडवाहू कास्तकाराच्या दावणीला ती बांधली आणि नंतर तिच्या विक्रीचा दोष त्याच्यावर ठेवला.

चाऱ्याची गोष्ट तर आपल्याकडे कोणी बोलतच नाही. ज्वारी होती तेव्हा कडब्याच्या गंज्या घरोघर होत्या. सोयाबीन आलं, वर रानडुकरांचा त्रास, ज्वारी वावरातून गेली आणि कडबाही गेला. सोयाबीनच्या कुटारावर, म्हणजे भुशावर, जनावर जगतं, दूध देत नाही. आणि ढेप! आपण कापूस विकतो तो सरकीसकट. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, तेल निघतं, आणि त्याच सरकीची ढेप आपण पोत्याने, दुकानदार म्हणेल त्या भावाने परत घेतो. आपल्याच वावरातून निघालेलं आपल्यालाच महाग. खेडा संघाने कंजरीला स्वतःचा पशुखाद्याचा कारखाना 1964 मध्येच उभारला होता. त्याच्या उद्घाटनाला पंतप्रधान शास्त्रीजी आले, अजरपुरा गावात शेतकऱ्याच्या घरी रात्र काढली, आणि त्यातूनच 1965 मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ जन्माला आलं. पशुखाद्याचा कारखाना 1964 मध्ये, मिशिगन 2024 मध्ये. मध्ये साठ वर्षं.

सहकार म्हणजे राजकारण, असंही तुम्ही एका ओळीत म्हटलंय. आहेच. गुजरातमध्येही आहे. जुलै 2025 मध्ये वर्षाअखेरचा भावफेर, म्हणजे दुधाच्या भावातला उरलेला फरक, कमी दिला म्हणून साबर डेअरीसमोर हिंमतनगरला पशुपालक उतरले, अश्रुधुरापर्यंत गोष्ट गेली. संस्था म्हातारी झाली की खुर्च्या घट्ट होतात. पण ते लोक ‘आमचा भावफेर’ म्हणून भांडत होते. आपल्याकडे दूध घालणाऱ्याला संस्थेला वर्षाकाठी किती उरलं हेच माहीत नसतं, मग भांडणार कशावर?

विदर्भात काहीच झालं नाही असं मात्र म्हणू नका. वर्ध्याचं गोरस भांडार गाईच्या दुधावर इतकी वर्षं उभं आहे, त्यांचा गोरसपाक हा बिस्किटासारखा खाऊ आपण सगळेच आणतो. 2016 पासून मदर डेअरी गावोगाव दूध घेते, पैसे खात्यात पडतात, आणि माझ्या मामांच्या काळाशी तुलना केली तर तो मोठा फरक आहे. फक्त तिथे तुम्ही दूध देणारे आहात, मालक नाही. भाव ठरताना तुमची खुर्ची त्या खोलीत नसते. मला काटोलसाठी ती खुर्ची हवी आहे. ती जुन्या पद्धतीच्या सहकारी संस्थेतून येईल किंवा 2002 च्या कायदादुरुस्तीनंतर काढता येते त्या, उत्पादकांच्याच मालकीच्या उत्पादक कंपनीतून. सौराष्ट्रात ‘माही’ ही दूध उत्पादकांची कंपनी तशी चालते. मला दोन्ही चालेल.

तुम्ही लिहिलंत की तुमच्या गावात चाळीसेक घरं दूध घालतात आणि तिघा वेगवेगळ्या दूधवाल्यांना घालतात. येत्या रविवारी मी काटोलला येतोय. त्या घरांपैकी जितक्यांच्या मिळतील तितक्यांच्या मागच्या तीन महिन्यांच्या पावत्या काढून ठेवा, चिटोरे असले तरी चालतील. फॅट तपासायचं लहान यंत्र मी एका ओळखीच्या डेअरीवाल्याकडून दोन दिवसांसाठी मागून घेतलं आहे. सकाळच्या धारेला लावून बघू, आणि कोणाला किती कापलं जातं ते ओट्यावर बसून एका वहीत लिहू.