नवी पुस्तकं नवीच कशी राखावीत?

शाळेच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांची खोकी येऊन पडली आहेत आणि ग्रंथालयाचा कार्यभार तुमच्या गळ्यात आला आहे. अभिनंदन! आता घाबरू नका. पुस्तक नवं असतं ते पोरांच्या हाती लागेपर्यंतच. एकदा लागलं की त्याचे कोपरे दुमडतात, पाठ वाकते, मधल्या पानावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा उमटतो. तेव्हा पुस्तक आणि विद्यार्थी यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच तुमचं काम. या कामात मुरलेली माणसं ते वर्षानुवर्षं लीलया करत आली आहेत.

सुरुवात दाखल नोंदवहीपासून करा. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, किंमत, शेरा: एकेक रकाना सुवाच्य अक्षरांत भरा. मधल्या सुट्टीत कुणी दारातून डोकावून ‘नवी पुस्तकं आली का हो, सर?’ असं विचारेलच. त्याला सांगायचं, ‘नोंदी चालू आहेत.’ हे वाक्य पुरवून पुरवून वापरलं तर सहामाही परीक्षा सहज गाठता येते. मग शिक्के. पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि प्रत्येक पुस्तकातल्या एका ठरावीक गुप्त पानावर. त्या गुप्त पानावर नेमका नकाशा किंवा चित्र आलं, तर शिक्का बरोबर मधोमध मारावा. मालकी ठळक दिसली पाहिजे.

आता कपाट. मध्ययुगात युरोपातल्या काही ग्रंथालयांत पुस्तकं साखळीनं फडताळाला जखडून ठेवत. साखळी पुठ्ठ्याच्या मोकळ्या कडेला लावलेली असे, म्हणून पुस्तकाचा कणा आत आणि पानं बाहेर. म्हणजे नाव वाचायचीसुद्धा पंचाईत. कल्पना उत्तमच, पण तिच्यात एक मोठी त्रुटी राहून गेली होती: साखळीतलं पुस्तक तिथल्या तिथे उघडून वाचता येत असे. आपण ही चूक काचेच्या कपाटानं सुधारली आहे. मुखपृष्ठ दिसतं, नाव दिसतं, पोरगं काचेला नाक लावून उभं राहतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते आज रजेवर असतात. (किल्ल्या दोन असतील तर दुसरी पहिलीच्याच जुडग्यात ठेवावी.)

कुणी शहाणा तुम्हाला ‘मुक्तद्वार’ पद्धतीबद्दल सांगेल. १८९४ साली लंडनमधल्या क्लार्कनवेलच्या ग्रंथपालानं, जेम्स डफ ब्राउन त्यांचं नाव, वाचकांना थेट फडताळांपर्यंत जाऊ दिलं. त्याआधी यादीत नाव शोधायचं, काउंटरवर मागायचं आणि मिळेल ते घ्यायचं, असा शिस्तीचा कारभार होता. तो मोडला. या गोष्टीला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, त्यामुळे एवढ्यातच तिचं अनुकरण करायची घाई नको.

पुस्तकं लावायची कशी, हाही नाजूक प्रश्न आहे. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण काढलं, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा दिला, आणि पोरांची फारच सोय करून ठेवली. पाचशेच्या घरात विज्ञान, त्यात ५२० ला खगोलशास्त्र, ७९६ ला मैदानी खेळ, आठशेत साहित्य. सातवीतल्या मुलीला हे आकडे एकदा कळले की ती तुम्हाला न विचारता सरळ ग्रहताऱ्यांपाशी जाऊन उभी राहते. मग तुम्ही तिथे कशाला? म्हणून पुस्तकं उंचीनुसार लावा, फार तर रंगानुसार. फोटोत फार छान दिसतं.

सगळ्यांत सावध राहायचं ते रंगनाथन यांच्यापासून. हे गृहस्थ मुळात गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिलाच नियम: ग्रंथ उपयोगासाठी आहेत. बघा, एवढा हिशेबी माणूस, पण पुस्तक वापरलं की झिजतं, हा साधा हिशेब काही त्यांनी मनावर घेतला नाही. पुढे ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ आणि ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ असंही आहे. वाचकाचा वेळ वाचवा, असं चौथा नियम सांगतो. शाळेतल्या मुलांना वेळच वेळ असतो, सबब तो आपल्याला लागू नाही. हे पाचही नियम रंगीत खडूंनी फलकावर लिहा आणि फलक कपाटासमोर उभा करा, म्हणजे कपाट उघडायचा प्रश्नच मिटला.

पण नुसतं कुलूप लावून भागत नाही. ग्रंथालय ‘सक्रिय’ दिसावं लागतं. त्यासाठी उपक्रम असतात. चांगल्या उपक्रमाची खूण अशी, की तो पार पडल्यावर एकही पुस्तक जागचं हललेलं नसतं. वाचनाच्या महतीवर घोषवाक्य स्पर्धा घ्या. पुस्तकात घालायच्या खुणा रंगवायला लावा. त्या घालायला पुस्तक मिळालंच पाहिजे असं कुठे आहे? नव्या पुस्तकांचं प्रदर्शन तर हवंच. टेबलावर चादर, तिच्यावर पुस्तकं, पुढे दोरी, दोरीला ‘हात लावू नये’. दिवस २३ एप्रिलचा निवडावा, १९९५ मध्ये युनेस्कोनं तो पुस्तक दिन ठरवला. ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय शालेय ग्रंथालय महिना असतो, याचा मात्र बोभाटा करू नका. एक दिवस साजरा करून हात झटकता येतात, महिनाभर करायचं म्हणजे कुणीतरी खरंच वाचायला बसायचा धोका.

तरीही एखाद्या उत्साही बाईंच्या आग्रहाखातर पुस्तकं द्यावीच लागली, तर पुस्तक-परीक्षणाचा तक्ता सोबत द्या. नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठसंख्या, मुख्य पात्रं, मध्यवर्ती कल्पना, मिळालेला बोध. पहिले पाच रकाने पुस्तक न वाचता भरता येतात, आणि शेवटचे तीन पुस्तक वाचायची इच्छा मारायला पुरेसे असतात. एका मुलानं मला विचारलं होतं, ‘आवडलं नाही असं लिहिलं तर चालेल का?’ मी म्हटलं, आधी बोध लिही. त्यानं लिहिलं, ‘बोध: पुन्हा पुस्तक घेऊ नये.’ त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं मला फार वाटलं होतं.

विद्यार्थ्यांची ग्रंथालय समिती नेमा, त्यांना बिल्ले द्या. फक्त कोणती पुस्तकं आणायची, हे त्यांना विचारू नका; चित्रकथा मागतील, भुताच्या गोष्टी मागतील, एकाच मालिकेचे सगळे भाग मागतील आणि मग ते खरोखरच वाचून काढतील. त्यापेक्षा थोरांची चरित्रं आणावीत. एकाच चरित्राच्या वीस प्रती असल्या की कपाट कसं एकसारखं दिसतं!

राहता राहिली कसर, पुस्तकं खाणारा तो किडा. अंधार, दमटपणा आणि कुणी हात न लावलेला कोपरा हिला फार मानवतो. बांधणीची खळ आणि कागद हे तिचं अन्न. आपल्या कपाटात तिची आबाळ होण्याचं कारण नाही. ती तक्ता भरत नाही, आवाज करत नाही, मुदत चुकवत नाही. पानं खाते, पण आतून. बाहेरून पुस्तक नवंकोरंच.

वर्षअखेरीस साठा पडताळणी होईल. सगळे आकडे जुळतील, एक पुस्तक सोडून. शोधाशोध होईल आणि ते नववीच्या शेवटच्या बाकाच्या कप्प्यात सापडेल. वर खाकी कागदाचं कव्हर, त्यावर वळणदार अक्षरात ‘भूमिती’. कणा तुटलेला, दोन पानं चिकटपट्टीनं जोडलेली, आणि मलपृष्ठाच्या आत पेन्सिलीनं लिहिलेली नावांची रांग, पुढे कोण वाचणार त्याची. काही नावं खोडलेली, दोन नावं दहावीतली, एक चक्क शिपाईमामांचं. देवघेव वहीत यातली एकही नोंद नाही.

गडबडून जाऊ नका. पुस्तक निर्लेखनाच्या, म्हणजे बाद करायच्या पुस्तकांच्या, यादीत घाला. तिथे ‘खराब होण्याचे कारण’ असा रकाना असतो. ‘वापरामुळे’ असं चुकूनही लिहू नका, वरचे लोक चौकशी लावतील. ‘कसर’ लिहा.