तेहतीस अनारसे आणि दोन लिटर

हिमोग्लोबिन आठवर आलं तेव्हा अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, "काका, दुर्बिणीनं मोठं आतडं बघून घेऊ." दुर्बीण वरून की खालून, हे मी विचारणार, तेवढ्यात कंपाउंडरनं मान खाली घातली. समजलो.

दुर्बिणीचं काही नाही, तिथे झोपेचं औषध देतात. खरी परीक्षा आदल्या दिवशी. दीड मीटरचं आतडं लख्ख धुवायचं, आणि ते काम पेशंटनं घरूनच करून आणायचं.

धुण्याचे प्रकार तीन. पहिला, पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर दोन लिटर पाण्यात कालवायची आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास रिचवायचा. दुसरा, पिकोसल्फेटची दोन छोटी पाकिटं. एकेक अर्ध्या ग्लासात मावतं, कालवताना ग्लास आपोआप गरम होतो. मी लगेच त्यावर बोट ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "त्यावर साधं पाणी मात्र लिटरानं प्यावं लागतं." म्हणजे हुंडा नको म्हणायचं आणि मोटरसायकल मागायची. तिसरी फॉस्फेटची बाटली, सगळ्यात आटोपशीर. पण मी बीपीच्या गोळ्या खातो, आणि तिनं किडनीला धोका होऊ शकतो. ती बाद.

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात पारावर चौथा पर्याय तयारच होता. "कायले पैसे घालवता बावा? एरंडेल घ्या, वरून गरम चहा. सकाळी आतडं काचेवानी!" एरंडेल मला नवं नाही. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी नाक दाबून पाजायची, आणि आम्ही भावंडं पोट धरून हागणदारीकडे रांगेनं पळायचो. डॉक्टरांना विचारलं तर ते नुसते हसले. शेवटी दोन लिटरवाली पावडर ठरली. ती अंगात मुरत नाही, शरीरातलं पाणी ओढत नाही, आली तशी खाली उतरते. ज्येष्ठाच्या उन्हात हे महत्त्वाचं.

आठवडाभर आधी लोहाच्या गोळ्या बंद, कारण त्यांचा काळा चिकट गाळ दुर्बिणीला दिसू देत नाही. तीन दिवस आधीपासून पथ्य. यादी वाचून बायको म्हणाली, "अवो, हे तर आपलं सैपाकघरच बंद!" भाकर नाही, जवसाची चटणी नाही, वांग्याच्या बिया नाही, आंबाडी नाही. पांढरा भात, ताक, ब्रेड, अंडं. शेवटच्या दिवशी फक्त नारळपाणी, गाळलेलं लिंबूपाणी, कोरा चहा. लाल सरबत वर्ज्य, आत गेल्यावर रक्तासारखं दिसतं म्हणून.

पण खरा घोळ वेळेचा. औषध दोन हप्त्यांत घ्यायचं, अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे. सगळं रात्रीच उरकलं तर सकाळपर्यंत लहान आतड्यातला रस उतरून उजव्या बाजूला पुन्हा सारवण घालतो. तपासणी दहाला, म्हणजे दुसरा हप्ता साडेचारला सुरू. आणि आमच्या गावाहून अमरावती एसटीनं अडीच तास! नेरपर्यंत कदाचित तग धरला असता, पुढे बडनेऱ्यापर्यंतची हमी कोण देणार? आमची शकुंतला, ती रमतगमत जाणारी छोटी आगगाडी, चालू असती आणि अमरावतीला जात असती तर प्रश्न नव्हता. तिच्यातून माणूस उतरून, मोकळा होऊन, पुन्हा त्याच डब्यात चढायचा.

म्हणून आदल्या दिवशी दुपारीच अमरावतीतली सासुरवाडी गाठली. तिथे माणसं सहा, संडास एक, आणि महिना अधिक. सासूबाईंनी जावयाला वाण द्यायला तेहतीस अनारसे तळून डब्यात मोजून ठेवलेले. "जावईबापू, धोंड्याचा महिना हाय, अन् तुम्ही नुसतं पाणीच पिऊन राह्यले? लोकं काय म्हणतीन?" अनारशाला वरून खसखस. बियांच्या यादीत खसखस ठळक अक्षरात. वाण तपासणीनंतर घ्यायचं ठरलं.

तरी दुपारी सगळे झोपले असताना मी एक उचलला. तीन दिवस ब्रेड खाल्लेल्या माणसाला देव माफ करतो.

सहाला पहिला ग्लास. चव लिंबू पिळलेल्या खारट पेजेसारखी. माठात गार करून घेतली तर दोन घोट जरा सुखानं उतरतात. तिसऱ्या ग्लासापर्यंत काहीच नाही. मी म्हटलं, शेतकऱ्याचं आतडं आहे, इतक्यात हार मानायचं नाही. चौथ्या ग्लासाला पोटात ढग गडगडले आणि मी अंगण ओलांडताना चप्पल घालायलाही थांबलो नाही. त्यानंतर साळ्याला आंघोळ मिळाली नाही, सासऱ्यांनी बाहेरून दोनदा खाकरून पाहिलं, आणि पोट्टे दारावर धावांचा हिशेब ठेवू लागले. चौदापर्यंत मीही मोजलं. पहाटे दुसरा लिटर. सहाला जे आलं ते गोमूत्राच्या रंगाचं, स्वच्छ. इतका अभिमान मला कपाशीच्या पहिल्या वेचणीलाही झाला नव्हता.

दुपारी जाग आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वाईट काही नाही. स्वच्छतेला नऊपैकी आठ." आतड्याचे तीन भाग, प्रत्येकाला तीन गुण. शाळेत मला कुणी इतके दिले नव्हते. "एक उजव्या बाजूला कापला."

घरी सासूबाई डबा उपडा करून बसलेल्या. "बत्तीसच भरले! त्या पोट्ट्याले दोन रपाटे देल्ले म्या, तरी कबूलच नाही होऊन राह्यला."

मी पाणी मागितलं. साळा रिपोर्टमधले रंगीत फोटो उजेडात धरून बघत होता.

"भाऊजी, हे बारके बारके पांढरे दाणे कायचे वो?"

सासूबाई चष्मा शोधायला उठल्या.