ऊन आहे, पॅनल आहेत, लाईट नाही

फोनची बॅटरी आहे तोवर लिहून घेते. काल रात्री वळिवाचा पाऊस आला, जेमतेम अर्धा तास, आणि लाईट गेली ती अजून आलेली नाही. आत्ता ऊन एवढं की पडवीतून अंगणात पाय ठेववत नाही, शेजारच्या काकांच्या स्लॅबवर तीन किलोवॅटचे नवेकोरे पॅनल चकाकतायत आणि काका खाली पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेत. लाईन गेली की त्यांचं सोलरही बंद! ७८ हजार सबसिडी मिळाली, बिल नावापुरतं येतं, सगळं खरं. पण बॅटरी नसेल तर ग्रीड, म्हणजे बाहेरची लाईन, गेल्यावर पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो हे लावून देणाऱ्यानं सांगितलंच नाही. तसा तो पडायलाच हवा, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्याच घरातला करंट बसेल, कळतं मला. पण मग आधी सांगा ना!

मला निसर्ग वादळ आठवलं. ३ जून २०२०. दापोलीकरांना वेगळं सांगायला नको, खांब आडवे, माड-पोफळी आडव्या, लाईट कित्येक दिवस नाही. टेम्पोत जनरेटर घालून एक जण वाडीवाडीत फिरायचा, तासावर पैसे घ्यायचा, विहिरीचा पंप त्यालाच जोडायचा, आणि टाकी भरेपर्यंत अख्खी वाडी चार्जर घेऊन टेम्पोभोवती. आई हंडे घेऊन उभी, डिझेलचा धूर थेट तोंडावर. त्या माणसाला काय बोलणार, त्याला तरी डिझेल फुकट मिळत होतं का.

आणि हे कुठे? खाडीपलीकडे अंजनवेलला गॅसवरचा १९६७ मेगावॅटचा प्रकल्प, खाली जयगडला १२०० मेगावॅट, तो जहाजातून आलेल्या कोळशावर. किनारा आमचा, धूर आमचा आणि टाकी भरायला टेम्पोवाला! म्हणून कोणी "कोकणात मोठा प्रकल्प आला पाहिजे" म्हणालं की डोकंच फिरतं. अरे, आधी नळपाण्याच्या पंपावर, शाळेवर, आरोग्य उपकेंद्रावर बॅटरीसकट सोलर लावा, दोन तारा तुटल्या म्हणून गाव कोरडं पडणार नाही. सबसिडी पॅनलला देता, मग बॅटरीला का नाही? वादळात उपयोग तिचाच.

जुलैत चार चार दिवस सूर्य दिसत नाही, बॅटरी महाग आहे, खारी हवा लोखंड खाते, वानरं पॅनलवर उड्या मारतात, मान्य. (माडाखाली पॅनल लावणाऱ्याला मात्र कोपरापासून नमस्कार.) पण वादळ गेल्यावर कधीतरी ऊन पडतंच ना, आणि नेमकं तेव्हाच आपण त्या टेम्पोची वाट बघत बसायचं?

काकांना जरा चढ्या आवाजातच विचारलं, सोलरच्या कंपनीला फोन का नाही करत? तर हसले. "निदान बिल तरी येत नाही गो." काय बोलणार यावर, ताक नेऊन दिलं त्यांना.

आता कामाचं. काकांना बॅटरी जोडायचीय. आहे तो इन्व्हर्टर चालेल की हायब्रीडच (पॅनल, बॅटरी आणि लाईन तिन्ही सांभाळणारा) घ्यावा लागेल? बॅटरी लिथियम घ्यावी की ट्यूब्युलर, म्हणजे ती पाणी घालायची ॲसिडवाली? किनाऱ्यावर राहून वापरणाऱ्यांनीच सांगा, पुण्यात बसून ज्ञान नको.