पंक्चर घेऊन जा गे मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारी-महालातून मारबत, म्हणजे ईडा-पीडेचा पुतळा, मिरवत निघते. काळ्या मारबतीची ही प्रथा 1881 पासूनची. गावाची सगळी ईडा-पीडा, खोकला, महागाई ती बिचारी घेऊन जाते. मागं काय ठेवते, तर सोबतच्या बडग्याच्या, म्हणजे दुसऱ्या पुतळ्याच्या, सांगाड्यातली तार आणि दीड इंची खिळे. ते पुढचे आठ दिवस नागपूरकरांच्या टायरात वस्तीला येतात. साध्या गाडीचा टायर अशा पाहुण्याला दारातूनच परत पाठवतो. मोटारसायकलचा सॉफ्ट कंपाउंडचा, म्हणजे मऊ रबराचा, रेसिंग टायर मात्र त्याला पाट-पाणी करतो.

कारण या टायरचा स्वभावच तसा. तापला की मऊ आणि चिकट व्हायचं, रस्त्याला बिलगायचं, म्हणजे वळणावर गाडी आडवी घालता येते. त्यासाठीच तर चौपट पैसे मोजले. पण उन्हात ठेवलेल्या गुळाच्या ढेपेला काय चिकटावं यावर ढेपेचा ताबा नसतो. त्यात ट्रॅकसाठी केलेल्या टायरवर रबराचा थर पातळ, तो कमी तापावा म्हणून. त्यामुळं खिळ्याला आतवर पोचायला फार प्रवास करावा लागत नाही. आमचे सिमेंटचे रस्ते उरलेलं रबर खरवडतातच.

खिळा दिसला की हात शिवशिवतात. उपटू नये. आधी हवेचा दाब मोजावा, मग बाटलीत साबणाचं पाणी करून खिळ्याभोवती शिंपडावं. बुडबुडे आले नाहीत तर खिळा नुसता वरच्या रबरात झोपलेला असू शकतो. मग वॉल्व्हच्या तोंडावरही थेंब टाकावा, कारण अर्ध्या वेळा चोर तिथंच असतो आणि मार टायरला बसतो. शिवाय आपल्या हवामानाचा हिशेब ठेवावा. तापमान 10 अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड पीएसआयनं (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरतो. मे महिन्यात दुपारी तीनला भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटेपर्यंत टिकायला हवी असं म्हणणं म्हणजे कूलरनं थंडीतही वारा मारावा असं म्हणणं.

बुडबुडे आलेच तर पंक्चरवाल्याकडं. तो वाकून बघतो, थुंकीचं बोट लावतो आणि म्हणतो, "टेन्शन नका घेऊ भाऊ, दोन मिनिटांचं काम आहे. पट्टी मारून देतो."

हीच ती दोन मिनिटं. दाभणासारखी खरबरीत सळई भोकात खुपसून पंधरा-वीस वेळा मागंपुढं करायची, डांबरट पट्टी सुईत ओवून आत ढकलायची, हिसका देऊन सुई काढायची, शेपूट कापायचं. स्कूटरला हे चालून जातं. रेसिंग टायरच्या आत मात्र स्टीलच्या नाहीतर अरामिड धाग्यांचा पट्टा असतो, तो ही सळई खिळ्यापेक्षा जास्त फाडते. वरचं रबर मऊ. टायर दर फेऱ्याला वाकतो, तापतो, पट्टी हलत राहते आणि एखाद्या दिवशी बाहेर येते. ती नेमकी वर्धा रोडवर गाडी वेगात असतानाच बाहेर यायची. घरासमोर उभ्या गाडीतून पट्टी निसटल्याचं निदान माझ्या ऐकण्यात नाही. म्हणून माझं मत विचाराल तर पट्टी ही घरापर्यंत हळूहळू पोचण्यापुरती.

खरी दुरुस्ती आतून. तीही भोक मधल्या पट्ट्यात असेल आणि 6 मिलिमीटरपेक्षा मोठं नसेल तरच. खांद्यावर किंवा बाजूच्या भिंतीत असेल तर पंक्चरवाल्याच्या हुशारीचा प्रश्नच येत नाही, टायर संपला. आधी खडूनं भोक आणि वॉल्व्हची जागा आखून ठेवावी, टायरवरचा फिरण्याचा बाण कुठल्या दिशेला आहे ते बघून ठेवावं. मग चाक काढून टायर उतरवायचा. टायर उचकटायची टॉमी लावताना रिमवर प्लॅस्टिकचं संरक्षण मागावं. न मिळाल्यास जुन्या ट्यूबचा तुकडा चालतो.

आत काळा भुगा दिसला तर पुढचं काहीच करू नये. हवा नसताना टायर चालवला गेला, भिंती आतून दळल्या गेल्या, असा त्याचा अर्थ. हा भुगा झटकून देणारे कारागीर मी पाहिले आहेत.

भुगा नसेल तर मशरूम पॅच. नाव इंग्रजी असलं तरी रूप आपल्या पावसाळी सात्यासारखं, आत छत्री, बाहेर देठ. छत्रीएवढी जागा कमी वेगाच्या बफरनं खरवडायची. वेग जास्त झाला की रबर जळतं, दाब जास्त झाला की धागे दिसतात. स्वच्छ पुसून सोल्यूशनचा पातळ हात द्यायचा आणि थांबायचं. इथं सगळं बिघडतं. सोल्यूशन ओलं चमकत असताना पॅच लावला तर तो धरत नाही. तीन ते पाच मिनिटं, बोटाच्या मागच्या बाजूला जेमतेम चिकटेपर्यंत, काहीही करायचं नाही. पंक्चरवाल्याला ही मिनिटं झेपत नाहीत. तो फुंकर मारतो. फुंकरीत वाफ असते, वाफेत पाणी, आणि पाण्यावर पॅच बसत नाही. त्याला चहा सांगावा, हा एकच उपाय खात्रीचा.

मग देठ आतून बाहेर ओढायचा, रोलर मधून कडेकडे फिरवायचा, देठ न ताणता 2-3 मिलिमीटर ठेवून कापायचा. कडांना साबणाचं पाणी लावून टायर रिमवर बसवायचा. कडा रिमवर बसल्याचा ठप्प आवाज येत नाही म्हणून काही जण 60 पर्यंत हवा मारतात. मोटारसायकलच्या टायरला 40 पीएसआयच्या वर जाऊ नये. नाही बसला तर हवा काढून परत साबण. शेवटी बॅलन्सिंग.

इतकं करूनही टायर पूर्वीचा राहत नाही. टायरवरचं अक्षर त्याची वेगमर्यादा सांगतं, डब्ल्यू अक्षराचा टायर ताशी 270 किलोमीटरचा असतो. दुरुस्तीनंतर पहिले 24 तास 80 आणि पुढं कधीही 130 च्या वर नको, असं काही टायर कंपन्या सांगतात. ट्रॅकवर तर पंक्चर काढलेला टायर नेऊच नये. व्हेरायटी चौकात संध्याकाळी सहाला गाडी 12 नं चालते, तेव्हा हे बंधन कुणाला जाचत नाही. आणि मोकळ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदीच आहे.

म्हणून शेवटी नवा टायर येतो. त्याच्या अंगावर गुळगुळीत थर असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर तो घसरगुंडी दाखवतो, तेवढे दिवस सासरी आल्यासारखं वागावं. जुना टायर पंक्चरवाला तीस रुपयांत मागतो. देऊ नये. एप्रिल लागला की तो आडवा टाकून त्यावर कूलर ठेवावा. मोटरची धडधड गिळतो, आणि पंखा कितीही थरथरला तरी कूलर जागचा हलत नाही. एवढी पकड त्यानं वळणावर क्वचितच दाखवली असेल.