गरम गाडीचं झाकण उघडून हवा काढायची नसते

आपल्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'कूलंटमध्ये हवा धरली? इंजिन गरम असतानाच झाकण उघडा, जोरात रेस द्या. कमी पडलं तर नळाचं पाणी ओता. तरी काटा चढला तर थर्मोस्टॅट काढून टाका.'

आधी झाकणाचं, म्हणजे रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणाचं, कारण त्यात तोंड भाजतं. कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव. बंद सिस्टिममध्ये साधारण एक बार दाब असतो, म्हणून कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं उसळून अंगावर येतं. करूळ घाट चढून गगनबावड्यात थांबलेल्या गाडीवर तर हा प्रयोग नकोच.

हवा काढायची ती गाडी पूर्ण गार असताना. नाक चढाकडं करून लावा, हँडब्रेक ओढा, चाकामागं दगड ठेवा. हीटर फुल गरमवर. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा छोटा स्क्रू) असेल तर ढिला करून कूलंट सावकाश ओता. स्क्रूतून आधी फसफस येते, मग बुडबुडे, मग सलग धार. धार लागली की बंद. स्क्रू बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा असतो, ताकद दाखवू नका. स्क्रू नसेल तर भरताना रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दाबत राहा. मग झाकण लावून इंजिन आयडलवर ठेवा, फॅन फिरून थांबू दे. हीटरमधून गरम वारं आलं पाहिजे. तापमानाचा काटा वर आणि वारं गार, म्हणजे हवा आतच आहे. पूर्ण गार झाल्यावर पातळी बघून उरलेलं भरा.

रेसचं थोडक्यात : उघड्या तोंडातून कूलंटच बाहेर पडतं, पातळी उतरते आणि पंप पुन्हा हवा ओढतो.

नळाचं पाणी वाटेत अडलात तर ओता, घरी पोचा. कायमचं ठेवलंत तर क्षार धरतात, गंज लागतो. बोअरच्या पाण्याचं तर विचारूच नका. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं.

'आपल्याकडं थंडी कुठं, थर्मोस्टॅट कशाला?' हे तर मिस्त्रीही म्हणतात. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडझाप करणारा व्हॉल्व्ह, थंडीसाठी नसतो. इंजिन लवकर ८०-९० अंशांवर नेऊन तिथं टिकवणं हे त्याचं काम. काढलात तर इंजिन उशिरा तापतं, पेट्रोल जास्त जातं. अडकला असेल तर नवा टाका.

आणि एवढं करूनही दर आठवड्याला हवा धरत असेल तर ब्लीडिंग, म्हणजे हवा काढणं, थांबवा. हेड गॅसकेट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं की सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतो. तो कितीही काढला तरी परत येणार. गॅरेजला नेऊन प्रेशर टेस्ट करून घ्या.