‘तास भरले, सह्या झाल्या, मॅपिंग झालं’: फिरत्या मेसेजला उत्तर

नर्सिंगच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. त्याचा सारांश असा: ‘बी.एस्सी. नर्सिंगचा नवा अभ्यासक्रम परिषदेनेच क्षमताधारित करून दिला आहे. कॉलेजने प्रत्येक विषयासमोर दहा क्षमतांच्या टिका (✓ खुणा) करायच्या की मॅपिंग झालं, तयार तक्ता नेटवर मिळतो. तास भरले आणि लॉगबुकवर (केलेल्या कामांच्या नोंदवहीवर) सह्या झाल्या की विद्यार्थी सक्षम. बाकी सगळं तपासणीपुरतं.’

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. म्हणूनच बाकीची वाक्यं खपून जातात.

‘परिषदेनेच करून दिलं आहे’

भारतीय परिचर्या परिषदेची सुधारित नियमावली 5 जुलै 2021 रोजी राजपत्रात आली. तिच्यात पदवीधर नर्ससाठी दहा गाभा क्षमता आहेत आणि प्रत्येक विषयाच्या तक्त्यात घटक, तास, अध्ययन निष्पत्ती, आशय, शिकवण्याच्या पद्धती आणि मूल्यमापन असे रकाने आहेत. पण हे सगळं एकेका विषयापुरतं आहे. एकच क्षमता आठ सत्रांतून कशी पुढे सरकते, कुठे सुरू होते, कुठे पक्की होते, कुणी आणि कशाने तपासायची, हे कॉलेजलाच मांडावं लागतं.

औषध देण्यातली सुरक्षितता घ्या. औषधं देण्याचा घटक दुसऱ्या सत्रात, नर्सिंग फाउंडेशन भाग दोनमध्ये. फार्माकॉलॉजी तिसऱ्या-चौथ्या सत्रात, अ‍ॅडल्ट हेल्थही तिथेच. चाइल्ड हेल्थ पाचव्यात. फार्माकॉलॉजीचे सर धरून चालतात की डोसचं गणित फाउंडेशनला झालंय. चाइल्ड हेल्थच्या मॅडम धरून चालतात की ते फार्माकॉलॉजीत झालंय. आता पाचव्या सत्रातली विद्यार्थिनी बालरोग वॉर्डात उभी आहे. मूल 12 किलोचं, ऑर्डर पॅरासिटामॉल 15 मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे 180 मिलिग्रॅम. सिरप 5 मिलीला 125 मिलिग्रॅमचं असेल तर 7.2 मिली द्यायचं आणि 250 मिलिग्रॅमचं असेल तर 3.6 मिली. सूत्र तिला पाठ आहे, लेखी पेपरात उत्तरही बरोबर येतं. पण पेपरात स्ट्रेंग्थ (5 मिलीत किती मिलिग्रॅम) छापून दिलेली असते, बाटलीवर ती शोधून वाचावी लागते. 250 च्या बाटलीतून 7.2 मिली काढलं की मुलाला दुप्पट डोस जातो. इथे विषय कुणीच गाळलेला नाही. लेबल वाचून डोस काढणं तपासायची जबाबदारी मात्र कुणाच्याच नावावर नाही. ही फट कुठल्याही एका विषयाच्या तक्त्यात दिसत नाही.

‘विषयासमोर टिका करा’

प्रत्येक शिक्षक आपला रकाना एकटा भरतो तेव्हा सगळे सगळ्यावर टिक करतात. ‘संवाद’ आपल्या विषयात नाही असं कोण म्हणेल? तक्ता भरगच्च होतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

टिकेऐवजी अक्षरं वापरा: ओ म्हणजे ओळख, स म्हणजे सराव, मू म्हणजे मूल्यमापन. नियम एकच आणि तो मोडायचा नाही: ‘मू’ लिहिलं की त्याच चौकटीत परीक्षेचं किंवा ऑस्कीतल्या स्टेशनचं नाव लिहायचं. (ऑस्की म्हणजे ठरलेल्या वेळात एकेका टेबलावर एकेक काम तपासणारी प्रात्यक्षिक परीक्षा; असं प्रत्येक टेबल म्हणजे स्टेशन.) नाव सुचत नसेल तर तो ‘मू’ नाही. त्याआधी क्षमतेचे तीन ते पाच दिसणारे तुकडे करा. ‘सुरक्षितता’ हा शब्द तपासता येत नाही. ‘दोन खुणांनी रुग्णाची ओळख पटवते’ हे तपासता येतं.

मग हे तुकडे आडव्या ओळींत आणि विषय उभ्या रकान्यांत मांडून तक्ता दोनदा वाचायचा. आडव्या ओळीत ‘ओ’ आणि ‘स’ आहेत, ‘मू’ कुठेच नाही, तर तिथे भोक आहे. एकाच ओळीत तीन-चार ‘ओ’ दिसले तर तेच ते पुन्हा शिकवलं जातंय. जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या रंगांचं हमखास असं होतं: फाउंडेशनमध्ये ओळख, मायक्रोबायोलॉजीत पुन्हा ओळख. वॉर्डात सुई कुठे टाकली हे पाहायला मात्र कुणी नाही. हा तक्ता सगळ्या विषयशिक्षकांनी एका टेबलावर बसूनच भरावा. मेलवर फिरवला की पुन्हा टिकांचा ढीग होतो.

‘तास भरले की झालं’

तासांनी संधी मोजली जाते, कौशल्य नाही. शिवाय तास आणि क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) यांचं गणित वेगळं आहे, आणि मॅपिंग करताना गोंधळ होतो तो इथेच. वीस आठवड्यांच्या सत्रात थिअरीचं एक क्रेडिट 20 तासांचं, लॅबचं 40 तासांचं, क्लिनिकलचं 80 तासांचं. नर्सिंग फाउंडेशन भाग एकला थिअरी 6, लॅब 2, क्लिनिकल 2 अशी 10 क्रेडिट आहेत. क्रेडिटने पाहिलं तर विषयाचा 60 टक्के भाग थिअरी. तासांनी पाहिलं तर 360 पैकी 120, म्हणजे एक तृतीयांश. तक्त्याला क्रेडिटचं वजन लावलं की वॉर्डात घडणाऱ्या क्षमता कागदावर लहान दिसतात आणि चाचण्याही थिअरीकडे झुकतात. वजन तासांनी लावा.

‘लॉगबुकवर सह्या म्हणजे सक्षम’

परिषद स्वतः असं मानत नाही. प्रात्यक्षिकाच्या सतत मूल्यमापनाचे कच्चे 30 गुण पाहा: हजेरी 2, क्लिनिकल असाइनमेंट 10, वॉर्डातल्या कामाचं सतत मूल्यमापन 10, पोस्टिंगच्या (वॉर्डातल्या नेमणुकीच्या) शेवटी ऑस्की 5 आणि प्रोसिजर पूर्ण केल्याचे 3. तीसात तीन!

लॉगबुक निरुपयोगी नाही, रकाना कमी आहे. प्रत्येक नोंदीसमोर पातळी लिहा: पाहिलं, मदत केली, देखरेखीखाली केलं, स्वतः केलं. सही त्याच दिवशी घ्या. पोस्टिंगच्या शेवटच्या दुपारी एकाच पेनाने केलेल्या चाळीस सह्या तपासनीसाला लांबूनही ओळखू येतात.

‘साठ मुलांची ऑस्की घेणार कधी?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. हिशेब मांडू. 8 स्टेशनं, प्रत्येकी 6 मिनिटं आणि बदलायला 1 मिनिट, म्हणजे आठ जणांची फेरी 56 मिनिटांत. साठ मुलांना 8 फेऱ्या, साडेसात तास. दोन समांतर मांडण्या केल्या तर प्रत्येकीत 4 फेऱ्या, पावणेचार तास. एक सकाळ पुरते, पण दोन्हीकडे प्रत्येक स्टेशनवर एकेक परीक्षक लागेल असं धरलं तर 16 माणसं हवीत. तेवढी नसतील तर दोन-तीन स्टेशनं परीक्षकाविना लेखी उत्तराची ठेवा: डोस काढा, चार्टमधली चूक शोधा.

सिरपच्या स्टेशनवर दोन स्ट्रेंग्थच्या बाटल्या, ऑर्डरची स्लिप आणि मुलाच्या हातातला ओळखीचा पट्टा ठेवा. पट्टा पाहिला नाही किंवा स्ट्रेंग्थ वाचली नाही, तर चेकलिस्टवर दहापैकी आठ गुण पडूनही क्षमता ‘साध्य नाही’ अशीच नोंद करा आणि ते स्टेशन पुन्हा घ्या. गुण नियमाप्रमाणे राहू द्या, तक्त्यातली नोंद वेगळी ठेवा.

‘तयार तक्ता नेटवर मिळतो’

मिळतो तो बहुधा अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेच्या 2021 च्या मानकांवरचा असतो. तिथेही दहा क्षेत्रं आहेत, म्हणून फसगत होते. पण ते दहा वेगळे. आपल्याकडे सुरक्षितता आणि गुणवत्ता सुधारणा या दोन क्षमता आहेत, तिथे त्यांचं एकच क्षेत्र. लोकसंख्येचं आरोग्य तिथे स्वतंत्र क्षेत्र आहे, आपल्या दहांत नाही. संवाद आणि पुराव्यावर आधारित शुश्रूषा या आपल्याकडे क्षमता, तिथे सर्व क्षेत्रांतून जाणाऱ्या संकल्पना. तो तक्ता उचलला की आपल्या दोन क्षमतांना ओळच उरत नाही.

‘तपासणीपुरतं’

आठव्या सत्रात 22 आठवडे, आठवड्याला 48 तास विद्यार्थी इंटर्नशिपवर असतात. तेव्हा सापडलेली भोकं बुजवायला पुढचं सत्र नसतं. दहाही क्षमता एकदम घेऊ नका. सुरक्षिततेची एकच ओळ पहिल्या सत्रापासून आठव्यापर्यंत मांडा आणि जिथे ‘मू’ नाही तिथे येत्या सेशनलला (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला) एक स्टेशन घाला.