चुंबक चिकटलं नाही ना? मग घ्या!

बेसनाच्या चाळणीची जाळी फाटली की आधी खिशात चुंबक टाका. जुन्या स्पीकरातून काढलेलं असलं तर सोन्याहून पिवळं. दुकानदारानं गुंडाळी उलगडली की चारचौघांत ते तारेला टेकवायचं. चिकटलं नाही, की माल ओरिजनल 304, म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील. चुंबक 202 ला, म्हणजे स्वस्तातल्या स्टेनलेसला, पण सहसा चिकटत नाही. तिच्यात महागाच्या निकेलमधलं बरंचसं काढून त्याजागी मँगनीज भरलेलं असतं. पण हे सांगून दुकानदारानं तुमचा हिरमोड कशाला करायचा?

उलट 304 ची तार ओढून ओढून बारीक केली की कधीकधी थोडं चुंबक धरायला लागते. अशी दिसली की लगेच तोंड वाकडं करा आणि ती परत ठेवून शेजारची स्वस्त गुंडाळी घ्या. मी तसंच केलं. "काका, लोखंड थोडंच द्यायलाव तुम्हाला?" असं म्हणून दुकानदारानं चहा पण पाजला. बॅटरीचा सेल लावून थेंबात मँगनीज दाखवणारं औषध आमच्या लातूरच्या भंगारवाल्याकडं असतं. त्याला दहा किलो भंगार घेतानाही फसायचं नसतं. आपण मिलमालक, आपल्याला काय भीती!

आता माप. "40 मेश द्या" एवढंच म्हणायचं. एका इंचात चाळीस घरं, झालं. तार किती जाड, हे विचारणारा माणूस कटकट्या समजला जातो. 32 गेजची तार असेल तर भोक 0.36 मिलिमीटरचं, 36 गेजची असेल तर 0.44 चं. नावानं दोन्ही 40 मेशच. जाड तारेच्या जाळीत मोकळी जागा शेकडा 32, बारीक तारेच्या जाळीत 48. म्हणजे तीच चाळणी, तीच मोटर, आणि बेसन पडतं कुठं कमी, कुठं जास्त. दोष मात्र चाळणीवरच्या पोराचा काढायचा, "हात चालत नाही रे तुझा". गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा आमच्या मिलवर चहाला बोलवायचंय. तोवर मोठा आकडा म्हणजे मजबूत जाळी, असं समजून चला.

दर किलोवर ठरवा. जाळी भोकांसाठी घ्यायची आणि पैसे तारेच्या वजनाचे मोजायचे, यात तुमचा व्यवहार दिसतो. कुणी शहाणा 316, म्हणजे आणखी महागाचं स्टेनलेस, घ्या म्हणाला तर लोणच्याच्या खाराला आणि कोरड्या बेसनाला एकच औषध लावा. तिच्यातलं दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम खारट पाण्याशी झुंजण्यासाठी असतं. पण महाग आहे म्हणजे चांगलीच असणार.

फ्रेमवर जाळी ताणून बसवायचा हट्ट धरू नका. फिटरला घाई असते. ढिली जाळी मिल चालू असताना पापडासारखी फडफडते, ते ऐकायला पण बरं वाटतं. रात्री बोअरच्या पाण्यानं धुवायची आणि ओलीच भिंतीला टेकवून ठेवायची. सकाळी कडेला तांबूस डाग दिसले तर हळदीचे समजा.

माझी जाळी दोन महिने टिकली. मग उदगीरच्या एका हॉटेलवाल्याचा फोन आला. भज्यात तार निघाली होती, मिशीच्या केसाएवढी. मी पळत जाऊन हॉपरखालचं, म्हणजे बेसन पडायच्या नरसाळ्याखालचं, चुंबक बघितलं. बेसनात काही गेलंच तर धरायला म्हणून मुद्दाम बसवलेलं, चांगलं दांडगं. त्याच्यावर एक खिळा होता, पोत्यातून आलेला. तारेचा तुकडा एकही नाही.

दुकानात मी तपासून घेतलं होतंच की, हिला चुंबक लागत नाही म्हणून.